विकिमीडिया कॉमन्स : छायाचित्रांची वर्गवारी आणि चर्चेची घडी

हौशी छायाचित्रकारांचे कोणतेही ऑनलाइन मंडळ पाहिले, तर तिथल्या चर्चेचे विभाग बहुधा सामग्रीवरून पाडलेले असतात. या कंपनीचे कॅमेरे, त्या कंपनीच्या लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, मोबाइल आणि शेवटी ‘इतर’ नावाचा एक विभाग, ज्यात उरलेले सगळे जाऊन पडते. नवा कॅमेरा घेणाऱ्याला ही विभागणी सोयीची असते, पण काढलेल्या छायाचित्राविषयी काही विचारायचे असेल तर ते कुठे विचारावे, हे तिच्यातून कळत नाही. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहाने हा प्रश्न फार विचारपूर्वक सोडवला आहे, असे माझे मत आहे. म्हणून त्याच्या बाकीच्या अंगांना ओझरता स्पर्श करून वर्गवारी आणि चर्चेची मांडणी या दोन गोष्टींचेच परीक्षण येथे केले आहे.

कॉमन्स ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाले. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्थाच तेही चालवते. सेवा विनामूल्य आहे आणि तिच्यावर जाहिराती नाहीत. संग्रहातील धारिकांची, म्हणजे फाइलींची, संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे आणि मराठी विकिपीडियावर दिसणारी बरीचशी छायाचित्रे याच संग्रहातून आलेली असतात. एवढा पसारा स्वयंसेवकांनी सांभाळायचा, तर त्याला घडी असल्यावाचून चालणारच नव्हते.

या घडीचे मला सर्वांत पटलेले वैशिष्ट्य असे, की येथे छायाचित्रांवरील चर्चा उपकरणांप्रमाणे किंवा विषयांप्रमाणे वाटलेली नसून, छायाचित्राला कोणता प्रश्न विचारायचा आहे, त्याप्रमाणे वाटलेली आहे. ‘दर्जेदार छायाचित्रे’ या पानावर एवढेच पाहिले जाते, की हे छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे का. ‘निवडक छायाचित्रे’ या पानावर विचारले जाते, की संपूर्ण संग्रहात उठून दिसावे असे त्यात काही आहे का. ‘मौल्यवान छायाचित्रे’ येथे प्रश्न असतो, की या विशिष्ट विषयाची ओळख करून देण्यासाठी संग्रहातील याहून उपयुक्त छायाचित्र दुसरे आहे का. ज्याला कोणतीही मोहोर नको, केवळ सल्ला हवा आहे, त्याच्यासाठी समीक्षेचे पान वेगळे ठेवलेले आहे. एरवी एकाच छायाचित्राखाली कोणी ‘सुंदर’ म्हणतो, कोणी ‘क्षितिज कललेले आहे’ म्हणतो, कोणी ‘पण असे दृश्य पुन्हा मिळणार नाही’ म्हणतो आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असूनही वाद संपत नाही. कॉमन्सवर हे तिघे तीन वेगळ्या पानांवर बोलतात, त्यामुळे प्रत्येकाच्या बोलण्याला निश्चित अर्थ येतो.

दर्जेदार छायाचित्रांच्या पानावर नवख्या माणसाने काही आठवडे नुसते वाचत राहावे, इतके शिकण्यासारखे तिथे असते. छायाचित्र किमान दोन मेगापिक्सेलचे आणि कॉमन्सच्याच सदस्याने काढलेले असावे लागते, आणि एका सदस्याला दिवसाला पाचपेक्षा अधिक नामांकने करता येत नाहीत. नामांकन झालेल्या छायाचित्राभोवती निळी चौकट असते. ते स्वीकारले की ती हिरवी होते, नाकारले की लाल. चौकटीखालचे शेरे एक-दोन ओळींचेच असतात : देवळाच्या उभ्या भिंती आत कललेल्या आहेत, आभाळात वरच्या कोपऱ्यात सेन्सरवरचा धुळीचा डाग राहिला आहे, फांद्यांच्या कडांना जांभळी झाक आली आहे, शार्पनिंग जास्त झाले आहे. स्तुतीला आणि मन राखण्याला तिथे फारसा वाव नाही. याच पानाच्या निकषांत योग्य शीर्षक, वर्णन आणि योग्य वर्ग यांचाही समावेश आहे. छायाचित्र कितीही स्वच्छ असले, तरी ते चुकीच्या किंवा ढोबळ वर्गात टाकलेले असेल तर परीक्षक ते परत पाठवू शकतो. वर्गवारीला दर्जाचाच भाग मानण्याची ही दृष्टी मला अतिशय मोलाची वाटते.

निवडक छायाचित्रांसाठी नऊ दिवस मतदान चालते. किमान सात मते अनुकूल असावी लागतात आणि अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या निदान दुप्पट असावी लागतात. एका सदस्याची एका वेळी दोनच नामांकने चालू राहू शकतात. नियम चांगले आहेत, मात्र येथे अभिरुचीचा प्रश्न येतो आणि त्यामुळे निसर्गदृश्ये, भव्य अंतर्भाग व पक्ष्यांची जवळून टिपलेली चित्रे यांना झुकते माप मिळाल्यासारखे जाणवते. आठवडी बाजार, लोहाराचा भाता किंवा एसटीच्या थांब्यावरची गर्दी असल्या विषयांना तिथे टिकाव धरणे अवघड जाते.

असल्या विषयांना न्याय मिळतो तो मौल्यवान छायाचित्रांच्या पानावर. येथे नामांकन करताना आधी विषयाची व्याप्ती लिहून द्यावी लागते आणि एका व्याप्तीत एकच छायाचित्र मान्य होते. समजा, आपल्या राज्यप्राण्याचे, म्हणजे शेकरूचे, छायाचित्र आपण दिले. तेव्हा परीक्षक त्या वर्गातील शेकरूची उरलेली सर्व चित्रे पाहतो आणि प्राण्याचा रंग, झुपकेदार शेपटी, अंगाची ठेवण हे सगळे ज्या चित्रात नीट कळते, त्याच्या बाजूने निर्णय देतो. पुढे कोणी अधिक चांगले चित्र आणले, तर तुलना नव्याने होते आणि आधीच्या चित्राला जागा सोडावी लागते. साहजिकच ही तुलना वर्ग नीट लावलेले असतील तरच शक्य होते, कारण जे चित्र वर्गातच नाही, ते परीक्षकाला दिसणार कसे?

म्हणून आता वर्गांकडे वळू. मूळ नियम थोडक्यात असा, की छायाचित्र शक्य तितक्या नेमक्या वर्गात ठेवावे आणि त्याच वेळी त्या वर्गाच्या वरच्या, व्यापक वर्गात पुन्हा ठेवू नये. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराचे चित्र असेल आणि त्या मंदिराचा स्वतंत्र वर्ग असेल, तर चित्र तिथेच राहील. मंदिराचा वर्ग किल्ल्याच्या वर्गात, किल्ल्याचा जिल्ह्यातील किल्ल्यांच्या आणि तो महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या वर्गात, अशी साखळी वर चढत जाते. आपल्याकडे नवीन सदस्य बहुधा एकदम ‘महाराष्ट्र’ असा वर्ग लावून मोकळे होतात आणि मग ती चित्रे कोणाच्याही हाती लागत नाहीत. नेमकेपणाची गरज किती आहे, हे ‘कुलाबा’ या एका नावावरून ध्यानात येईल. अलिबागसमोरचा समुद्रातला किल्ला कुलाबा, मुंबईच्या दक्षिण टोकाची वस्तीही कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पूर्वीचे नावही कुलाबाच. त्यात भर म्हणजे रायगड हा किल्लाही आहे आणि जिल्हाही. नुसता शब्द चिकटवून भागणाऱ्या सेवांमध्ये ही सगळी चित्रे एकमेकांत मिसळतात. फ्लिकरवरचे टॅग लावायला सोपे आहेत खरे, पण तिथे अशी उतरंड नसल्यामुळे हा गोंधळ पाहणाऱ्यालाच निस्तरावा लागतो.

वर्ग लावण्याचे काम सोपे व्हावे म्हणून हॉटकॅट नावाची एक सोय आहे. चित्राच्या पानावर तळाशी प्रत्येक वर्गाच्या नावापुढे छोटी चिन्हे दिसतात : वजाच्या चिन्हाने वर्ग काढून टाकता येतो, अधिक-वजाच्या चिन्हाने बदलता येतो, खाली वळलेल्या बाणाने उपवर्ग दिसतात आणि वर वळलेल्या बाणाने वरचे वर्ग. ‘किल्ले’ या ढोबळ वर्गापासून निघून खालचा बाण दाबत दाबत नेमक्या किल्ल्यापर्यंत पोहोचता येते. एकाच सहलीतली पुष्कळ चित्रे एकदम हलवायची असतील, तर कॅट-अ-लॉट हे साधन वापरावे. अशा कामात ते फार वेळ वाचवते.

वर्ग कसा असावा, यावरच मतभेद झाला तर त्यासाठीही स्वतंत्र पान आहे आणि तेथील चर्चा वर्ष व महिन्याप्रमाणे लावून ठेवलेल्या असतात. वर्गाचे नाव बदलावे का, दोन वर्ग एकत्र करावेत का, एखादा वर्ग रद्द करावा का, हे कोणीही तिथे मांडू शकतो. गावांच्या व जिल्ह्यांच्या नामांतराचे प्रश्न याच पानाचे आहेत, आणि महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर ही नावे गेल्या काही वर्षांतच आल्यामुळे आपल्याला या पानाची गरज विशेष आहे. निर्णयामागची कारणे कायम वाचायला उपलब्ध राहतात, हा या पद्धतीचा मोठा गुण. दोष असा, की कित्येक चर्चा महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षे निर्णयावाचून पडून राहतात, कारण त्या निकाली काढण्याचे कष्टाचे काम करायला माणसे कमी पडतात.

भाषेचा दोष याहून गंभीर आहे. सजीवांच्या शास्त्रीय नावांसारखे काही अपवाद सोडले, तर वर्गांची नावे इंग्रजीत ठेवण्याचा नियम आहे आणि चर्चाही मुख्यतः इंग्रजीत चालतात. शेकरूचा वर्ग ‘रातुफा इंडिका’ या लॅटिन नावाने असणे मला खटकत नाही. ते नाव कोणत्याच देशाचे नाही. पण वाडा, ओसरी, दीपमाळ, बारव, वीरगळ या आपल्या वस्तूंसाठी इंग्रजी नाव शोधत बसावे लागते आणि वीरगळासारखी वस्तू दगडी शिल्पांच्या ढिगाऱ्यात हरवण्याचा धोका राहतो. यावर अर्धा उपाय २०१९ पासून हाती आला आहे. चित्राखाली मराठीत ओळ लिहिता येते आणि चित्रात काय दिसते, हे विकिडेटा या विकिमीडियाच्याच माहितीसंग्रहातील नोंदीशी जोडता येते. त्या नोंदीला मराठी नाव दिलेले असेल, तर मराठीत शोधणाऱ्यालाही चित्र सापडण्याची शक्यता वाढते. गावोगावचे वीरगळ आणि बारवा टिपणाऱ्या आपल्या मंडळींनी चित्र चढवताना या दोन गोष्टी केल्याच पाहिजेत, असे मी आग्रहाने सांगेन.

किरकोळ अडचणीही आहेत. वर्गाच्या पानावर एका वेळी दोनशे चित्रे दिसतात आणि ती नावाच्या वर्णानुक्रमाने लागतात, चांगली आधी अशी नव्हेत. काही विषयांत वर्ष, महिना आणि ठिकाण यांवरून इतके बारीक तुकडे पाडले आहेत, की एकेका वर्गात दोन-चारच चित्रे उरतात. कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणेही वर्ग आहेत, मात्र ते मागे राहतात आणि तेच योग्य आहे.

ज्यांना मराठा लष्करी भूप्रदेशातील, म्हणजे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांची, देवळांची, पक्ष्यांची किंवा गावगाड्यातील वस्तूंची नोंद म्हणून छायाचित्रे ठेवायची आहेत, त्यांनी कॉमन्स अवश्य वापरावे. लग्नसमारंभाची आणि घरगुती चित्रे येथे बसत नाहीत. संग्रह शैक्षणिक उपयोगासाठी आहे. चित्र देताना परवाना नीट वाचावा : केवळ बिगर-व्यावसायिक वापराची मुभा देणारा परवाना येथे चालत नाही, त्यामुळे नाव देण्याची अट पाळून कोणीही आपले चित्र पुस्तकात, दिनदर्शिकेत किंवा जाहिरातीतही छापू शकतो. भारतीय कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या इमारतींचे आणि पुतळ्यांचे चित्र देता येते, परंतु भिंतीवरच्या रंगचित्रांना ही सवलत नाही. हयात चित्रकाराने रंगवलेल्या भिंतीचे छायाचित्र देण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी लागते आणि ती कॉमन्सकडे लेखी पोहोचवावी लागते.