जळगावात जुना अॅनालॉग साउंड मिक्सर दुरुस्तीला द्यावा का?

द्यावा, पण लग्नसराई तोंडावर असताना नको. इथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हात चोख आहे, वेग नाही.

२४ चॅनेलचा मिक्सर आला की आधी पॉवर सप्लाय उघडतात, हे योग्यच. खानदेशातल्या मे महिन्यात मंडपात ठेवलेला मिक्सर आतून भाजतो आणि दर १० अंशांमागे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंश तापमान सोसणारेच टाकतात, ४८ व्होल्ट फँटमच्या (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेच्या) वाटेवर ६३ व्होल्टचे. तिथे ५० व्होल्टचे बसवणं म्हणजे पैसे वाचवल्याचं समाधान, बाकी काही नाही.

खरी मेख आयसीत. टीएल०७२ या सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या जागी एनई५५३२ थेट बसतो, पाय तेच. पण एकाला सुमारे ३ ऐवजी ८ मिलिअँपिअर लागतात; शंभर बदलले तर अर्धा अँपिअर जादा, आणि जुना रेग्युलेटर तापून बसतो. इथे समिंग (सगळे चॅनेल एकत्र होतात तो भाग) आणि मास्टरमधलेच बदलतात, प्रत्येकाच्या सप्लाय पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावतात. तो नसेल तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो, उगाच तापतो. बदलानंतर नॉब फिरवताना खरखर आली, तर डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल जाऊ देणारा कपलिंग कपॅसिटर मागा. आयसीचा बायस करंट, म्हणजे त्याच्या इनपुटचा बारीकसा डीसी करंट, पॉटमधून (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरमधून) जात असतो.

फेडर (वर-खाली सरकणारे आवाजाचे कंट्रोल) आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. तेलकट स्प्रे मारत नाहीत, हे फार बरं: कापसाची तूस त्यावरच चिकटते. झिजलेला कार्बन ट्रॅक मात्र धुऊन सुधारत नाही.

कामात उणीव एकच: आतले बोर्ड जोडणाऱ्या चपट्या रिबन केबल नुसत्या काढून पुन्हा खोचतात. नव्या टाकायला आधीच सांगा.