सण-शुभेच्छा पॅकेजचा रिव्ह्यू : काम चोख, पण रोश हाशानाच्या पोस्टवर झेंडा कशाला?

नाशिकच्या शालिमारच्या मागच्या गल्लीत एक फ्लेक्स आणि डिजिटल पोस्टचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण दुकानदार दादा कष्टाळू माणूस आहे आणि चूक झाली ती त्याने त्याच रात्री दुरुस्त केली. त्यांचं वर्षाचं सण-शुभेच्छा पॅकेज मी दीड वर्ष वापरतोय, म्हणजे आमच्या भागातल्या एका भाऊंचं सोशल मीडिया मी बघतो त्यांच्यासाठी. वर्षाला साडेसात हजार, त्यात सव्वाशेच्या आसपास दिवस येतात, सण, जयंत्या, पुण्यतिथ्या, दिनविशेष सगळं, आदल्या रात्री नऊ-साडेनऊपर्यंत व्हॉट्सॲपवर पोस्ट येऊन पडते, भाऊंचा फोटो, खाली नाव, कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. आपण सकाळी उठून फक्त टाकायचं.

आधी चांगलं सांगतो. मराठी शुद्ध असतं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलेलं असतं, जोडाक्षरं फुटत नाहीत, जे नाशिकमध्ये निम्म्या फ्लेक्सवर फुटलेली दिसतात. पुण्यतिथीला 'अभिवादन' लिहितात, 'शुभेच्छा' नाही. मोहरमला, गुड फ्रायडेला पण साधी, गंभीर पोस्ट देतात. दीड वर्षात एकदाही पोस्ट उशिरा आली नाही, कुंभमेळ्याच्या कामांचे फ्लेक्स रात्रंदिवस चालू असताना पण नाही. यासाठी पाचपैकी पाच.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते.

२०२५ ला २२ सप्टेंबरला सकाळी घटस्थापना होती आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला ज्यू लोकांचं नवं वर्ष सुरू होत होतं, रोश हाशाना, त्यांचं ५७८६ वं साल. हा योगायोग वाटतो पण फार नवल नाही, त्यांचे महिने पण आपल्यासारखे चंद्रावर चालतात, त्यांच्यात पण अधिक महिना असतो, म्हणून तो सण दरवर्षी आपल्या नवरात्राच्या आसपासच घुटमळतो. पॅकेजच्या यादीत हा दिवस होता हे बघून मला खरंच बरं वाटलं होतं, कारण आमच्या कॉलनीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाचे, काका-काकू राहतात, काका रिटायर्ड, मूळ अलिबागकडचे, आडनावाच्या शेवटी 'कर', घरात आपल्यापेक्षा चांगली मराठी. मी म्हटलं यावेळी भाऊंच्या पोस्टमध्ये यांचा पण सण येणार.

पोस्ट आली. निळा-पांढरा रंग, मागे इस्रायलचा मोठा झेंडा, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू यांचा फोटो, आणि खाली 'भारत-इस्रायल मैत्री चिरायू होवो'. रोश हाशाना हा शब्द कोपऱ्यात बारीक. मी पण काही विचार न करता टाकली. आपल्याकडे इस्रायल म्हटलं की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्याला पहिलं ठिबक आठवतं, राहुरीच्या डाळिंबाचं, दापोलीच्या हापूसचं इंडो-इस्रायल केंद्र आठवतं, त्यामुळे झेंडा बघून कोणाला काही वावगं वाटलं नाही, लाईक पण बरेच आले.

संध्याकाळी काकांकडे गेलो. काकूंनी सफरचंदाच्या फोडी आणि मध ठेवला होता, सटाण्याकडचं डाळिंब सोलून ठेवलं होतं. काकांनी मोबाईल काढला आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, पोस्ट चांगली आहे, पण ही आम्हाला आहे का? हे तर दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानांना पाठवलेलं पत्र वाटतं." मग म्हणाले, "आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. तेव्हा कुठला आला हा झेंडा?"

मला काही बोलता आलं नाही. इस्रायल देश १९४८ चा. मुंबईतलं बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं, पुण्याचं लाल देऊळ १८६७ चं, काका-काकू सणाला ठाण्याच्या ज्या सिनेगॉगला जातात ते १८७९ चं. हे सगळं त्या झेंड्याच्या आधीचं. आणि काकांचा इस्रायलवर राग आहे असं अजिबात नाही हां, काकूंची सख्खी बहीण तिकडे अश्दोद शहरात आहे, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचा हल्ला झाला तेव्हा दोघं दोन दिवस फोनला चिकटून होते. त्यांचं म्हणणं एवढंच की सण माझा आहे, परराष्ट्र धोरण सरकारचं आहे, दोन्ही एका फ्लेक्सवर लावू नका.

घरी येऊन मी रात्री बसलो आणि बघत गेलो की मोठे नेते या शुभेच्छा कशा देतात, आणि एकदा बघायला लागलो की थांबता येत नाही. आपल्याच देशाचा तो एक महिना घ्या. ८ सप्टेंबरला दिल्लीत भारत-इस्रायल गुंतवणूक करारावर सह्या झाल्या. १२ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईनसाठी दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा ठराव आला, १४२ देश बाजूने, त्यात भारत. आणि २२ तारखेला पंतप्रधान मोदींच्या रोश हाशानाच्या शुभेच्छा, नेतन्याहूंना मित्र म्हणून, इस्रायलच्या जनतेला आणि जगभरच्या ज्यू समाजाला. म्हणजे नुसती शुभेच्छा वाचून कोणी म्हणेल भारत पूर्ण इस्रायलकडे झुकला, नुसतं मत बघून म्हणेल पॅलेस्टाईनकडे, आणि दोन्ही चूक. त्याच्या आधी जूनमध्ये गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता, तेही विसरायचं नाही.

हे आजचं नाही. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला, पण पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले थेट २९ जानेवारी १९९२ ला, नरसिंह राव पंतप्रधान असताना. मधल्या काळात १९८८ ला पॅलेस्टाईनला मान्यता देऊन झाली होती. जुलै २०१७ मध्ये मोदी इस्रायलला गेले, तिकडे जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानलं तेव्हा भारताने आमसभेत त्याच्या विरुद्ध मत दिलं, पुढे फेब्रुवारी २०१८ ला मोदी पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाला पण गेले. ट्रम्पनी तो निर्णय जाहीर केला ६ डिसेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसमध्ये हनुक्काचा, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, कार्यक्रम होता, म्हणजे तिथे सण आणि धोरण एकाच व्यासपीठावर आलं, भाऊंच्या पोस्टसारखं.

ओबामांचं उलटं, सण एकीकडे, धोरण दुसरीकडे. २००९ पासून ते व्हाइट हाऊसमध्ये पेसाह या ज्यू सणाचं सेदेर नावाचं विधीचं जेवण ठेवायचे, असं करणारे पहिले राष्ट्राध्यक्ष. पण २ एप्रिल २०१५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला इराणच्या अणुकराराची चौकट जाहीर झाली आणि ३ तारखेच्या संध्याकाळी पेसाह सुरू झाला. त्याच्या महिनाभर आधी नेतन्याहू अमेरिकन काँग्रेससमोर या कराराच्या विरोधात बोलून गेले होते, पुरीम या ज्यू सणाच्या आदल्या दिवशी, आणि भाषणात पुरीमची गोष्टच आणली, ज्यूंच्या संहाराचा कट रचणाऱ्या हामानची आणि तो उधळणाऱ्या एस्तेर राणीची, म्हणजे इराणातच घडलेली गोष्ट. बेने इस्रायली पुरीमला 'होळीचा सण' म्हणतात, काकांनी सांगितलं तेव्हा मला अंगावर काटा आला, आमच्या घरच्या होळीच्या शेजारचा सण आणि त्यावर अणुकराराचं राजकारण चाललेलं. डिसेंबर २०१६ मध्ये पण तसंच, हनुक्काचा कार्यक्रम करून झाला आणि २३ तारखेला पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींच्या विरोधातला ठराव सुरक्षा समितीत आला तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला नाही, तटस्थ राहिली. दुसऱ्या संध्याकाळी हनुक्काची पहिली मेणबत्ती होती.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो इराणने. सप्टेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुहानींच्या नावाच्या इंग्रजी ट्विटर अकाऊंटवरून रोश हाशानाच्या शुभेच्छा आल्या, सगळ्या ज्यूंना आणि खास करून इराणी ज्यूंना. त्यांच्या आधीचे अहमदीनेजाद होलोकॉस्टवरच, म्हणजे हिटलरने केलेल्या ज्यूंच्या संहारावरच, शंका घ्यायचे, त्यामुळे जगभर खळबळ झाली. इराणच्या संसदेत ज्यूंसाठी एक जागा राखीव आहे, तिथे ज्यू समाज फार जुना आहे. त्या शुभेच्छेमुळे इराणचं इस्रायलबद्दलचं वैर तसूभर कमी झालं नाही, पण नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला अणुकराराचा पहिला टप्पा झाला, म्हणजे ती शुभेच्छा पश्चिमेकडे बघून दिलेली होती असं मला तरी वाटतं. तरीही आपल्या देशातल्या ज्यूंना वेगळं नाव घेऊन शुभेच्छा देणं, हे इराणला सुचलं आणि आपल्या शालिमारच्या पोस्टला सुचलं नाही, हे मला लागलं.

आणि २०२५ चंच बघा, २१ सप्टेंबरला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने पॅलेस्टाईनला मान्यता दिली, फ्रान्सने २२ ला, म्हणजे बरोबर रोश हाशानाच्या संध्याकाळी. तिथल्या ज्यूंच्या घरी पण त्या संध्याकाळी मध-सफरचंदाचं ताट मांडलेलं असणार. धोरण बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, पण त्या कुटुंबाला शुभेच्छा मिळायला हवी ती त्या वादाच्या बाहेर राहून.

आता परत दुकानाकडे. मी रात्री दहाला दादाला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, टेम्प्लेट बाहेरून विकत घेतो, त्यात झेंडा आधीच असतो, मला वाटलं तसंच करतात." त्याने वाद घातला नाही, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. मी काकूंना विचारून मजकूर दिला, 'नव्याच्या सणाच्या आपल्या बेने इस्रायली बांधवांना मनापासून शुभेच्छा', कारण रोश हाशानाला त्यांच्या जुन्या मराठीत 'नव्याचा सण' म्हणतात. झेंडा काढला, नेतन्याहूंचा फोटो काढला, मध आणि डाळिंब ठेवलं. साडेअकराला नवीन पोस्ट हातात.

दुसरी चूक मात्र थोडक्यात टळली. २ ऑक्टोबरला दसरा, गांधी जयंती आणि योम किप्पूर एकाच दिवशी. आदल्या रात्री तीन पोस्ट आल्या, तिसरीवर आपट्याच्या पानांच्याच रंगात 'योम किप्पूरच्या हार्दिक शुभेच्छा'. तो दिवस कडक उपासाचा, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा. बेने इस्रायली त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. आनंदाच्या शुभेच्छा तिथे बसत नाहीत. मी दादाला सांगितलं की जसं मोहरमला करता तसं करा, त्याने रंग करडा केला, 'उपासाच्या या पवित्र दिवशी आपल्या प्रार्थनांना यश लाभो' एवढंच ठेवलं. त्याच दिवशी दुपारी मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ल्याची बातमी आली, दोन जण गेले. प्रार्थनेला आलेली साधी माणसं. मुंबईत २६/११ ला नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात तेच झालं होतं. एखाद्या सरकारचा राग शेजारच्या ज्यू माणसावर निघतो तेव्हा झेंडा आणि माणूस एकच समजण्याची सवय त्यामागे असते, आणि फ्लेक्सवाला, भाऊ, मी, आपण सगळे ती सवय थोडी थोडी लावतो. हे मी दादाला पण बोललो, त्याला पटलं.

भाऊंना पण सांगितलं. ते आधी म्हणाले, देशात पाच हजार पण ज्यू नाहीत, आपल्या वॉर्डात एक घर, एवढं कशाला. मग मी म्हटलं, भाऊ, २०१६ ला महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, आणि त्या एका घराने पोस्ट वाचली, बाकीच्या चारशे जणांनी नुसता लाईक केला. त्यानंतर ते स्वतः जाऊन काकांना भेटून आले.

ज्यांना हे पॅकेज घ्यायचंय त्यांनी घ्या, डिझाईन आणि वेळ याबाबतीत नाशिकमध्ये इतकं चोख काम मला दुसरीकडे मिळालं नाही. फक्त ज्यू, पारशी, बौद्ध, जैन असे जे दिवस बाहेरच्या टेम्प्लेटवर येतात ते दोन दिवस आधी मागून घ्या आणि त्या समाजातल्या कोणाला तरी दाखवा. हनुक्काच्या नमुन्यात सात फांद्यांची समई आहे, ती नऊची लागते, आठ दिवसांच्या आठ आणि पेटवायची एक, ते मी आत्ताच कळवून ठेवलंय. एकूण पाचपैकी साडेतीन, हनुक्काची पोस्ट नीट आली तर चार करीन.