नुसतं अँटिबायोटिक की जोडीला लवंगेचं तेल?

सोलापुरात यंत्रमागाच्या धुळीनं खोकला धरला की आजी ओव्याची पुरचुंडी शेकते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात. प्रयोगशाळेत मात्र या दोघांची जोडीही तपासतात. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल जिवाणूचं आवरण खिळखिळं करतं. मग औषध आत सहज शिरतं, कमी मात्रेत भागतं. एफआयसी निर्देशांक, म्हणजे एकत्र दिल्यावर दोघांची मात्रा किती कमी लागते याचं माप, ०.५ किंवा त्याखाली आला तरच जोडी जमली म्हणायची. न्यूमोनिया करणाऱ्या क्लेबसिएला या जिवाणूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो तेलाला तितक्या सहज दबत नाही.

पण हे सगळं काचेच्या ताटलीतलं. गोळीची मात्रा माणसांवर तपासलेली असते, तेलाची नाही. उलट लवंगेचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांच्या यकृताला धोका! जिवाणूजन्य न्यूमोनियाला मी तरी अँटिबायोटिकच निवडेन, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करून. पुरचुंडी हवी तर शेकावी, नाक मोकळं वाटतं.