तुती, करवंद, कढीपत्ता, फालसा: पाखरांसाठी लावलेल्या झुडपांचे अठरा महिने

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाउसमागे दहा बाय पंधराची मोकळी जागा होती. घरच्यांना लॉन हवं होतं. मी हट्टाने फळझुडपं लावली, तीही पाखरांसाठी. पिंपळगावला मामांचा द्राक्षबाग आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अगं, आम्ही पाखरांपायी जाळ्या टाकतो आणि तू त्यांना आवतण देतेस!’

गेल्या वर्षी जूनमध्ये लागवड केली. नर्सरीवाल्याने आधी रंगीत घाणेरीच गळ्यात मारायला घेतली होती, ‘फुलपाखरं लई येतात ताई’ म्हणून. येतातही. पण तिने आधीच किती डोंगर खाल्लेत, आणि गुरांना तिचा पाला विषारी. मी ती घेतली नाही.

सगळ्यात लवकर उपयोगी पडली ती तुती. मैत्रिणीकडून आणलेली बोटभर जाडीची फांदी नुसती मातीत खोचली होती. जानेवारीत छाटून उरलेली पानंही ओरबाडली, तेव्हा नव्या फुटीबरोबरच फळं दिसू लागली. मार्चमध्ये सकाळी सहापासून बुलबुल, साळुंक्या आणि चष्मेवाले हजर. चष्मेवाला हा पक्षी एवढासा, त्याला अख्खं फळ जात नाही. तो टोचून रस पितो आणि उरलेलं मुंग्यांना सोडतो. आमच्या वाट्याला अठरा महिन्यांत मिळून दोन वाट्या तुती आली असेल.

तोटा एकच, पण मोठा. तुती खाऊन पाखरं बसतात तारेवर, आणि तारेखाली उभी असते शेजारच्या काकांची पांढरी गाडी. जांभळे डाग वाळले की साध्या पाण्याने निघत नाहीत. काका आठवडाभर बोलत नव्हते. शेवटी त्या बाजूच्या फांद्या काढल्या. तुती लावायची तर भिंत, गाडी आणि वाळत घातलेले कपडे यांपासून लांब लावा.

फालसा गेला. चूक माझी. आमच्याकडे काळी माती, पावसात पाणी मुरत नाही आणि मी तो नेमका खोलगट कोपऱ्यात लावला. ऑगस्टमध्ये मुळं कुजली. पुढच्या वेळी मुरूम घालून उंचवट्यावर लावीन.

कढीपत्ता सासूबाईंच्या फोडणीसाठी म्हणून सगळ्यांना मान्य होता. पावसाळ्यात त्याची काळी फळं कोकिळा आणि बुलबुल खातात. बिया विषारी असतात, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. पानांवर मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. सासूबाईंनी एकदा अळीसकट डहाळी तोडली आणि किंचाळल्या. आता एक फांदी फोडणीची, बाकीच्या अळ्यांच्या, अशी वाटणी आहे.

आणि करवंद. मे महिन्यात त्र्यंबक रोडला बायका पानांच्या द्रोणात विकतात तेच. मोठ्या पिशवीतली चार फुटी तीन रोपं कुंपणालगत दाट लावली. वाढ संथ. दुहेरी काट्यांनी दोन ओढण्या फाडल्या, आणि फांदी मोडली की चीक हाताला चिकटतो. फळं या मेमध्ये जेमतेम मूठभर. फळांच्या हिशोबाने बघितलं तर सगळ्यात नापास झाड हेच.

पण एप्रिलमध्ये बुलबुलांनी फाटकाजवळच्या कामिनीच्या जुन्या झुडपात घरटं केलं होतं. माळीदादांनी आठवड्यापूर्वीच ती छान गोल कापलेली, त्यामुळे घरटं रस्त्यावरूनही दिसायचं. एका सकाळी कुंपणावर भारद्वाज आला. शुभ म्हणून सासूबाईंनी हात जोडले. तो उडाला तेव्हा त्याच्या चोचीत पिल्लू होतं.

जुलैत त्याच जोडीने, निदान मला तरी तीच वाटली, करवंदात घरटं घातलं. वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, त्यात दुधाच्या पिशवीची एक चिंधीसुद्धा. तीन गुलाबी अंडी, त्यावर तांबडे ठिपके. गल्लीतला बोका दोनदा खालून चढू बघत होता. दुसऱ्यांदा पंजा चाटत निघून गेला, नंतर फिरकला नाही. भारद्वाज कुंपणावर बसायचा, मान वाकडी करून आत बघायचा, पण त्या जाळीत त्याला शिरता येईना. तीनपैकी दोन पिल्लं उडाली. आता थंडीतही संध्याकाळ झाली की चिमण्या आणि शिंपी पक्षी त्याच काट्यांत शिरतात. खायला तुतीवर, झोपायला करवंदात.

त्यामुळे जागा एकाच झुडपाची असेल तर मी करवंद सांगेन, आणि माळ्याला कात्री लावू देऊ नका. आमचे दर महिन्याला म्हणतात, ‘ताई, जरा आकारात आणतो.’ मी चहा देऊन वाटेला लावते.

गेल्या आठवड्यात करवंदाखालची माती हलवली तर पाखरांच्या विष्ठेतून रुजलेली तीन रोपं दिसली. दोन कडुनिंबाची, तिसरं घाणेरीचं. नर्सरीत नको म्हटलं होतं, बुलबुलांनी फुकटात आणून दिलं. ते उपटलं.