ख्याल ऐकायचा तर सीडी की एलपी?

घरच्या हाय-फायसाठी मी बिनदिक्कत सीडीच्या बाजूने. एलपी म्हणजे सुईने वाजणारी मोठी तबकडी, तिची एक बाजू साधारण 20-22 मिनिटांची. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांबलचक गाणं, रंगात आला की उठा आणि तबकडी उलटा! थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर जिथे राहिले त्या नाशकात गाणं असं तोडून ऐकणं जिवावर येतं. सीडीवर 74 मिनिटं अखंड बसतात, तानपुऱ्यामागे चरचरही नाही. एलपीचा भरदार आवाज मलाही आवडतो. पण आपल्या पावसाळ्यात दमट कपाटातल्या तबकड्यांवर पांढरी बुरशी धरते. खाचेच्या दिशेनेच मऊ ब्रश फिरवत ती काढावी लागते, आडवा फिरला तर ओरखडा कायमचा. शिवाय सुई झिजते, सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचा खर्च वेगळा. सीडीवर कधीच न आलेलं गाणं हवं असेल, तर मात्र टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायचं यंत्र, घ्याच.