एक रेघ, दोन रेघा: कुष्ठरोगाची अँटिबॉडी पट्टी वापरून पाहिली

बावीस वर्षं झाली, मी कुष्ठरोगाचे स्मिअर वाचतोय. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, ब्लेडने बारीकशी चीर द्यायची, आतला रस खरवडून काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधत बसायचं. त्यामुळे बोटाच्या एका थेंबावर चालणाऱ्या पट्ट्यांचा डबा दवाखान्यात आला, तेव्हा सगळ्यात आधी हात मीच पुढे केला. माझी मान वाचणार होती!

वापरायला सोपी आहे, वाद नाही. थेंब टाका, वर द्रावण टाका, थोडं थांबा. कंट्रोलची रेघ उमटलीच पाहिजे, नाहीतर पट्टी बाद. शेजारी दुसरी उमटली तर पॉझिटिव्ह. पण ही दुसरी रेघ कधीकधी इतकी पुसट येते की मी ‘आहे’ म्हणतो आणि सिस्टर ‘नाही’ म्हणतात. खिडकीशी नेऊन बघितली तरी आमचं एकमत होत नाही.

पट्टी शोधते ती पीजीएल-१ या पदार्थाविरुद्ध शरीराने बनवलेली आयजीएम अँटिबॉडी. जंतूच्या वेष्टनातला हा एक मेद, त्याला तीन साखरांची शेपटी. 1981 मध्ये तो ओळखला गेला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढतच नाही, त्यामुळे असं काही हाती लागल्यावर लोकांना आशा वाटली तर नवल नाही. मलाही वाटली होती.

पहिल्याच आठवड्यात दोघंजण आले. एक पन्नाशीचे गृहस्थ, अंगावर ठळक चट्टा एकही नाही. पण कातडी तेल लावल्यासारखी चकाकणारी, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ, कानाच्या पाळ्या जाड. पट्टीवर दुसरी रेघ गडद उमटली. स्मिअरमध्ये काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. खरं सांगायचं तर ते दारातून आत आले तेव्हाच आमच्या डॉक्टर मॅडमना निदान कळलं होतं.

दुसऱ्या एक बाई. डाव्या हाताला कोपराखाली एकच फिकट चट्टा, त्यावरचे केस गेलेले. मॅडमनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात टेकवायला सुरुवात केली. स्पर्श झाला की त्या जागी बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर बोट अचूक पडत होतं. चट्ट्यात वात फिरली तेव्हा बोट हवेतच थांबलं आणि बाई शांतपणे म्हणाल्या, “लावा ना मग.”

पट्टीवर एकच रेघ. स्मिअरही कोरा. बाईंच्या पिशवीत बाहेरच्या एका लॅबचा सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता: ‘कुष्ठरोग अँटिबॉडी – निगेटिव्ह’. खाली खुलाशाची एक ओळ नाही. तेवढ्यावर विसंबून त्या सहा महिने नायट्याचं मलम चोळत होत्या. “रक्तात नाही तर कातडीत कसा असेल हो, भाऊ?” त्यांनी मला विचारलं. तोवर करंगळी वाकायला लागली होती आणि कोपरामागची नस बोटाला दोरीसारखी लागत होती.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. ज्याच्या अंगात जंतू भरपूर, त्याच्या रक्तात अँटिबॉडीही भरपूर. एमबी, म्हणजे बहुजंतू प्रकारच्या रुग्णांत म्हणूनच पट्टी बहुतेकदा बोलते. बाईंसारख्या पीबी, म्हणजे अल्पजंतू प्रकारच्या रुग्णांत शरीराच्या पेशी जंतूंना जागच्या जागी अडवतात, अँटिबॉडी फारशी बनतच नाही. अशा निम्म्याहून जास्त रुग्णांना पट्टी सरळ ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवते. म्हणजे जिथे नुसत्या नजरेने भागतं तिथे हिचा आवाज मोठा, आणि जिथे मला मदत हवी तिथे ही गप्प.

उलटी गंमतही आहे. रुग्णाच्या घरातली धडधाकट माणसंही पॉझिटिव्ह येतात आणि त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. औषध संपलेल्या रुग्णाचीही रेघ लगेच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी सहवासितांसाठी, म्हणजे रुग्णाच्या निकट राहणाऱ्यांसाठी, कुठल्याच चाचणीची शिफारस केली नाही. निदान आजही बधिर चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्याबरोबरची बधिरता किंवा अशक्तपणा, किंवा स्मिअरमधले जंतू यावरच. तिन्हींपैकी एक सापडलं तरी पुरे. ब्राझीलने सहवासितांसाठी अशी जलद चाचणी सरकारी सेवेत घेतली, पण तिथेही हेतू कुणावर जास्त नजर ठेवायची हे ठरवण्याचा.

मग डबा फेकून दिला का? नाही. मागच्या महिन्यात एक तरुण आला, चट्टे मोजून चार. पाचपर्यंत पीबी, म्हणजे सहा महिन्यांची एमडीटी (अनेक औषधांचा एकत्र उपचार), असा आमचा हिशेब. सहज म्हणून पट्टी लावली तर रेघ चांगली ठसठशीत. मॅडमनी त्याला पुन्हा उजेडात उभं केलं, कपडे उतरवायला लावले. कमरेखाली आणखी तीन चट्टे निघाले, लाजेने त्याने सांगितलेच नव्हते. पाचाच्या वर गेले, म्हणजे एमबी; औषध बारा महिन्यांचं झालं.

सोयीला पाचपैकी चार गुण, निदानाला एक. डब्यात अकरा पट्ट्या उरल्या आहेत, त्या अशा शंकेच्या रुग्णांसाठी ठेवल्यात. मायक्रोस्कोपवरचं कापड मात्र रोज सकाळी निघतंच.