कुबर पेडी: जमिनीखालच्या रूममध्ये राहा, आणि नुसता नाइट हॉल्ट करू नका (4/5)

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून उलुरूला (वाळवंटातला तो प्रसिद्ध लाल खडक) गाडीने जाणारे आपले बरेच लोक कुबर पेडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावाला संध्याकाळी पोचतात, जेवतात, झोपतात आणि सकाळी चहा घेऊन निघतात. प्लीज असं करू नका. किमान दोन रात्री ठेवा आणि रूम जमिनीखालचीच घ्या, वर साध्या मोटेल रूमपण मिळतात पण साडेआठशे किमी येऊन त्यात काय राहायचं.

आमची रूम टेकडीच्या पोटात कोरलेली होती. भिंती गुलाबीसर दगडाच्या, मशीनने कोरल्याच्या गोल गोल खुणा तशाच ठेवल्यात, धूळ पडू नये म्हणून वरून पारदर्शक कोट मारलाय, आणि हवेसाठी छतातून थेट वर पाइप काढलाय. जुलैत गेलो होतो, बाहेर रात्री कडाक्याची थंडी आणि आत ना हीटर ना एसी तरी एकदम छान, कारण आत बारा महिने 23-25 डिग्रीच असतं, उन्हाळ्यात बाहेर 45 झालं तरी. खाणवाले लोक इथे जमिनीखाली राहायला लागले ते याचसाठी. लाइट बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही. सासूबाई आठ वाजता उठल्या आणि अजून रात्रच आहे म्हणून परत झोपल्या! बंद जागेत ज्यांना घुसमटतं त्यांनी मात्र आधी विचार करा.

एक स्टार कापला कारण बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर घोंघावत होता आणि सांगूनही कोणी बघायला आलं नाही. आत मोबाइलला रेंज नाही हे समजू शकतो. गावाचं पाणी 24 किमी लांबच्या बोअरचं, खारं असतं, ते आरओ करून पुरवतात, तेव्हा आंघोळ झटपट उरका.

बघायला ओल्ड टाइमर्स माइन चुकवू नका. 1915 मध्ये सोनं शोधायला आलेल्या एका टोळीतल्या 14 वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडलं आणि त्यानंतर वर्षभरातच ही खाण हाताने खोदली गेली. नंतर ती बुजवलेली होती, 1968 मध्ये कोणीतरी आपलं जमिनीखालचं घर वाढवत असताना भिंत फुटली आणि ही सापडली. हेल्मेट घालून आपलं आपण फिरायचं. कुदळीचे घाव दिसतात, आणि भिंतीत ओपलची बोटभर पट्टी अजून तशीच आहे, टॉर्च हलवला की हिरवा-निळा रंग सरकतो, मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती. सर्बियन चर्चपण जमिनीखाली आहे, शांतपणे बघा. गावाबाहेर ब्रेकअवेज नावाच्या टेकड्या आहेत, तिथे संध्याकाळी जा, डोंगरांचे रंग बघत राहावेत असे.

ओपल घेणार असाल तर दगड बाजूने बघा. डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ काप काळ्या बेसवर चिकटवलेला, ट्रिप्लेटला वरून काचेची नाहीतर क्वार्ट्झची टोपी पण असते. दोन्ही दिसतात सुंदर पण किंमत सॉलिडची (म्हणजे अख्ख्या ओपलच्या दगडाची) देऊ नका आणि पाण्यात भिजवू नका, थर सुटतात. एका दुकानात आम्हाला ट्रिप्लेट सॉलिड म्हणूनच दाखवत होते, शेजारच्याने बाजूने धरून फरक दाखवला, घेतलं त्याच्याकडूनच.

मुलं असतील तर ज्वेलर्स शॉप रोडवरचा नूडलिंग एरिया, म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगात दगड शोधायचे, फुकट आहे. तिथे मुलं तासन्‌तास रमतात. गावाबाहेर खाणींच्या भागात मात्र मुलांचा हात सोडू नका, उघडी खोल भोकं आहेत सगळीकडे, फोटोसाठी मागे मागे चालू नका अशा पाट्याच लावल्यात.

ॲडलेडहून येताना वाटेतल्या ग्लेन्डॅम्बोला टाकी फुल करा, पुढे अडीचशे किमी पेट्रोल नाही. अंधार पडायच्या आत गाव गाठा, कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात, आणि भाड्याची गाडी असेल तर रात्री चालवल्यास इन्शुरन्स लागू होतो का ते आधीच विचारून घ्या.